फलटणच्या माळावरची प्रयोगशाळा : निंबकर कृषी संशोधन संस्थेची वाटचाल

सिंदखेडराजा आणि फलटण या दोन गावांचे नाते सासू-सुनेचे. जिजाऊ सिंदखेडच्या जाधवांच्या, सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी निघणाऱ्या स्मरणिकेत सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेचा इतिहास का, याचे उत्तर इतके मागे जाऊन शोधायची गरज नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली की मोताळा, नांदुरा, मलकापूरकडच्या शिवारांत पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. काही पऱ्हाट्या घरच्या चुलीत जातात, काही धुऱ्यावर पडून राहतात, उरलेल्यांना काडी लावली जाते. तुराट्या, सोयाबीनचे कुटार, मक्याची धांडे यांतलेही जे गुरांच्या पोटी जात नाही, त्यातले बरेचसे असेच संपते. या मालाचा ऊर्जेच्या दृष्टीने हिशेब मांडायचा, तो एका तालुक्यापुरता मांडायचा आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला न जाता त्या तालुक्यातच राहायचे, हे काम ज्या संस्थेने चार दशके चालवले ती फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सारे ‘नारी’ म्हणतात.

संस्थेची स्थापना 1968 सालची. संस्थापक बनबिहारी विष्णू निंबकर. त्यांच्या घराण्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण या संस्थेचा स्वभाव त्या घरातूनच आलेला आहे. त्यांच्या आई मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या कमला निंबकर झाल्या आणि भारतात व्यवसायोपचाराचे शास्त्र आणि शिक्षण रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. अपंगत्व आलेल्या माणसाला रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत, यासाठीचे हे शास्त्र. मुंबईत त्याची पहिली शाळा त्यांनी 1950 मध्ये उभी केली. फलटणमधली मराठी शाळा ‘कमला निंबकर बालभवन’ त्यांच्याच नावाची. बनबिहारींच्या पत्नी जाई निंबकर या इरावती आणि दिनकर कर्वे यांच्या कन्या, म्हणजे महर्षी कर्व्यांची नात. त्या इंग्रजीतून कादंबऱ्या लिहीत आणि मॅक्सीन बर्नसन यांच्यासोबत त्यांनी मराठीचे संदर्भ-व्याकरणही सिद्ध केले. गौरी देशपांडे त्यांच्या बहीण, डॉ. आनंद कर्वे भाऊ. कुठल्याही महानगरात सहज मानाने राहता आले असते अशी ही माणसे एका तालुक्याच्या गावी येऊन शेती करू लागली आणि तिथेच राहिली.

निंबकर अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून आले आणि त्यांनी फलटणला प्रत्यक्ष शेती सुरू केली. फलटण तालुका पर्जन्यछायेतला. नीरेच्या उजव्या कालव्याने भिजणाऱ्या पट्ट्यात ऊस आणि कालव्याचे पाणी जिथे चढत नाही तिथे ज्वारी, बाजरी, करडई. एकाच तालुक्यात सुबत्ता आणि टंचाई शेजारी शेजारी नांदतात. निंबकरांचे लक्ष सुरुवातीपासून कोरडवाहू भागाकडे होते. गावाबाहेर लोणंद रस्त्याला तांबमाळावर संस्था उभी राहिली. नावाप्रमाणेच तो माळ, काळ्या कसदार जमिनीचा तुकडा नव्हे.

पहिली तेरा वर्षे संस्थेचे काम पिकांचे होते. करडई हे त्यातले मोठे. आपल्याकडेही रब्बीत करडई असे. तिच्या काट्यांनी हात सोलून निघतात म्हणून मजूर मिळेना आणि तिचे क्षेत्र घटत गेले, हे जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको. नारीने पुढे बिनकाट्याची करडई दिली, बिनकाट्याचा संकरित वाणही दिला आणि तिच्या पाकळ्यांचा औषधी चहा करून पाहिला. शेळ्या-मेंढ्यांवरचे काम त्यानंतरचे. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळे जातीच्या छोट्या मेंढीत एका वेताला जुळी देणारा जनुक आहे. तो दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली, डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेले. धनगरांच्या कळपांपर्यंत पोचलेले इतके मूलभूत जनुकशास्त्र आपल्या देशात क्वचित पाहायला मिळते. त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. इथे मात्र आपल्याला ऊर्जेकडे वळायचे आहे.

1981

त्या वर्षी अनिल राजवंशी फलटणला आले. मूळचे लखनौचे, आयआयटी कानपूरचे यंत्र अभियंते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात सौरऊर्जेवर त्यांनी पीएचडी केली होती. तिथल्या सौरऊर्जा प्रयोगशाळेचे प्रमुख एरिक फार्बर हे त्या क्षेत्रातले आद्य संशोधक. समुद्राचे पाणी सूर्याच्या उष्णतेने गोडे करण्यावर राजवंशींचे शोधनिबंध तेव्हाच प्रसिद्ध झाले होते आणि अमेरिकेत त्यांचा जम बसला होता. तरी ते परतले आणि दिल्ली, मुंबई, बेंगळुरू सोडून फलटणला स्थिरावले. त्यांच्या पत्नी डॉ. नंदिनी निंबकर म्हणजे बनबिहारी आणि जाई यांच्या कन्या. संस्थेची धुरा पुढे त्यांच्याकडे आली.

तो काळ आठवून पाहावा. 1973 आणि 1979 अशा दोन तेलसंकटांनी देशाचे कंबरडे मोडले होते. 1981 मध्ये केंद्र सरकारने ऊर्जेच्या पर्यायी स्रोतांसाठी आयोग नेमला, 1982 मध्ये त्यासाठी वेगळा विभाग निघाला आणि 1992 मध्ये त्याचे मंत्रालय झाले. आपल्या राज्याची ‘महाऊर्जा’ ही संस्था 1985 ची. 1981 च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत वीज होती. बाकीची पंच्याऐंशी रॉकेलवर. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या कोरकू, निहाल, भिलाला वस्त्यांत चिमणीच्या धुरात वाढलेली पिढी आज पन्नाशीत आहे.

अशा वेळी सौरऊर्जेचा पंडित खेड्यात आल्यावर त्याने छपरांवर सौरपट्ट्या बसवायला घेतल्या असत्या, असे आज कोणालाही वाटेल. पण त्या वेळी सौरघट इतके महाग होते की खेड्यातल्या घराला त्यांचा विचारही करता येत नव्हता. राजवंशींनी सूर्य पकडला तो पिकातून.

गोड ज्वारी आणि सूर्याची भट्टी

निंबकर गोड ज्वारीवर आधीपासून काम करत होते. या ज्वारीच्या धांड्यात उसासारखा रस असतो. कणसातून दाणे मिळतात, रसातून गूळ, काकवी किंवा अल्कोहोल, चोथा गुरांना. पीक चार महिन्यांत निघते आणि पाणी उसाच्या मानाने फार कमी लागते. नारीने तिचा ‘मधुरा’ हा संकरित वाण काढला. जमीन धान्याला द्यायची की इंधनाला, हा जगभर गाजलेला वाद या पिकाने बऱ्याच अंशी निकालात काढला, कारण एकाच ताटातून दोन्ही निघत होते. माझ्या मते नारीच्या साऱ्या ऊर्जाकार्याची मूळ कल्पना इथे आहे: कोरडवाहू शेतकऱ्याला जे पीक जमेल त्यातूनच त्याच्या घराची ऊर्जा निघाली पाहिजे.

रस आंबवला की त्यात थोडे टक्के अल्कोहोल तयार होते. ते इंधन म्हणून वापरायचे तर गाळून दाट करावे लागते आणि गाळायला उष्णता लागते. ती उष्णता लाकडाने किंवा कोळशाने दिली तर मिळालेल्या इंधनातले बरेचसे तिथेच खर्च झाल्यासारखे होते. अल्कोहोल 78 अंशांना उकळते, पाणी 100 ला. म्हणजे फार प्रखर आच नको. छपरावरच्या साध्या सपाट सौरतापकात तापलेले पाणीही इथे कामी येऊ शकते. हा विचार घेऊन नारीने 1980च्या दशकात सौरऊर्जेवर इथेनॉल गाळणारा प्रायोगिक प्रकल्प उभा केला आणि चालवून दाखवला. जगात या जातीचे प्रयोग तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि हा फलटणच्या माळावर चालू होता.

अडचण शास्त्रातली नव्हती. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावाचून अल्कोहोल गाळता येत नाही, बाळगता येत नाही, विकताही येत नाही. दारूसाठी केलेला कायदा चुलीच्या इंधनालाही तसाच लागू होतो. नारीने पुढे इथेनॉलवर चालणारी शेगडी तयार केली, तिच्यावरचा शोधनिबंध 2007 सालचा आहे. ही शेगडी निम्मे पाणी आणि निम्मे इथेनॉल अशा मिश्रणावर चालते. यातले कौशल्य नीट लक्षात घ्यावे. शुद्ध इथेनॉल करायला मोठा कारखाना लागतो, त्याला उष्णता जास्त लागते, आणि ते घरात ठेवणे धोक्याचे. निम्म्या ताकदीचे इथेनॉल खेड्यातल्या छोट्या भट्टीतही गाळता येते आणि सांडले तर भडकण्याची भीती पुष्कळ कमी. धूर नाही, काजळी नाही. पण असे इंधन गावच्या दुकानात मिळायचे तर कायदा बदलायला हवा होता, तो बदलला नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम 2003 पासून चालू आहे आणि आता तो 20 टक्क्यांवर पोचला आहे. मोटारीच्या टाकीसाठी कायद्याने वाट काढली, बाईच्या चुलीसाठी काढली नाही. हा विषय आजही संपलेला नाही असे मला वाटते.

नूरी

अंधाराचा प्रश्न तितकाच निकडीचा होता. चिमणी आणि कंदील यांचा उजेड इतका कमी की पोराने वात वर केली तर रॉकेल संपते म्हणून आई ओरडणार, खाली केली तर अक्षर दिसत नाही. लग्नाकार्यातली गॅसबत्ती भरपूर उजेड देई, पण ती पंप मारून मारून दाबावर ठेवावी लागे, तिचा आवाज मोठा, तेल पिण्याची तऱ्हा त्याहून मोठी, आणि गरीब घराला ती परवडणार कशी?

राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसबत्तीच्या मेंटलचे शास्त्र मुळापासून अभ्यासले. मेंटल म्हणजे दुर्मिळ धातूंच्या क्षारांनी भिजवलेली जाळी. ती ज्योतीत तापून स्वतः उजळते, उजेड ज्योतीचा नसतो. म्हणजे ज्योत किती मोठी याला महत्त्व नाही, जाळी किती आणि कशी तापते याला आहे. मग कमी दाबावर, कमी तेलात तेवढीच तापणारी जाळी का मिळू नये? या शोधातून ‘नूरी’ कंदील जन्मला. तो कमी दाबावर चालतो, 100 वॅटच्या जुन्या गोळ्याइतका उजेड देतो, आणि रॉकेल, डिझेल, इथेनॉल यांपैकी कोणतेही इंधन त्याला चालते. पुढे त्याच धाग्यावर उजेड आणि स्वयंपाक एकत्र करणारे साधन आले. बत्तीची जी उष्णता एरवी वर निघून जाते, तिच्यावर पातेले ठेवायचे. एका इंधनात घर उजळते आणि भातही शिजतो. फलटण परिसरातल्या झोपड्यांत ते वापरून पाहिले गेले, तिथल्या बायकांच्या सूचनांनुसार त्यात बदल झाले.

अशा साधनाची चाचणी झोपडीत व्हायची तर प्रयोगशाळा झोपडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागते. दिल्लीतल्या संशोधकाला अशी चाचणी घ्यायची तर दौरा आखावा लागतो, अहवाल लिहावा लागतो. फलटणला संध्याकाळी बिघडलेली बत्ती सकाळी दुरुस्तीला दारात येऊ शकते.

प्रयोगशाळा वस्तीजवळ हवी, याच निष्कर्षावर दूरच्या थंड मुलुखांतली माणसेही आली, ती थंडीमुळे. लेहचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतो, पारा उणे 20 अंशांखाली जातो, आणि जे काही जाळायचे ते उन्हाळ्यात भरून ठेवावे लागते. तिथे 1983 मध्ये स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपने घरांच्या दक्षिणेला काळी भिंत आणि तिच्यापुढे काच, अशी साधी रचना लोकांना बांधून दाखवली. दिवसा ऊन पिऊन भिंत रात्री खोली उबदार ठेवते. अलास्कात ध्रुववृत्ताच्या किंचित वर कोट्झेब्यू नावाचे गाव आहे. समुद्राचे बर्फ वितळते त्या थोड्या महिन्यांत तराफ्यांनी डिझेल येते, वर्षभराची वीज त्यावर. त्या गावच्या वीज सहकारी संस्थेने 1997 पासून पवनचक्क्या उभारून डिझेलचा खर्च उतरवायला घेतला. अलास्कातल्याच फेअरबँक्सच्या विद्यापीठात 2008 मध्ये अशा एकट्या पडलेल्या गावांच्या ऊर्जेसाठीच केंद्र निघाले. उणे तीस अंशांत पवनचक्कीचे वंगण गोठते, पात्यांवर बर्फ साठते, हे दूरच्या गरम प्रयोगशाळेत बसून कळत नाही. फलटणला उकाडा आहे, तिकडे हिमवादळे आहेत. पण जळण बाहेरून आणायचे तर ते महाग पडते आणि वेळेवर पोचत नाही, हे सर्वत्र सारखेच. म्हणून जवळ जे आहे त्यावर संशोधन, आणि संशोधक तिथलाच रहिवासी, अशी घडण या सगळ्या संस्थांची झाली.

पाचटाचा वायू

फलटणच्या ओलिताच्या पट्ट्यात ऊसतोड झाली की पाचट पेटवले जाते. रात्री लांबून ज्वाळा दिसतात. लाकडाचा वायू करणाऱ्या भट्ट्या दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीपासून माहीत होत्या. त्या युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी त्यावर चालल्या. भट्टीत हवा मोजून सोडायची, म्हणजे लाकूड पूर्ण जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ वायू निघतो. हा वायू नैसर्गिक वायूच्या मानाने फार कमी ताकदीचा, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकीच उष्णता देणारा; तरी त्यावर भट्टी चालते, रस आटतो, धान्य वाळते.

लाकडावर जे जमते ते पाचटावर जमत नाही. पाचट हलके, फुगीर. भट्टीत ते अडकून बसते, मध्येच पोकळी होते आणि आग एकाच जागी उसळते. शिवाय त्याच्या राखेत वाळूचा अंश म्हणजे सिलिका जास्त, ती वितळून खडे बनतात आणि जाळी बुजते. अशा अडचणींवर जोरापूर यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन राजवंशींनी वर्षानुवर्षे काम केले आणि पाचट-चिपाडावर सलग चालणारी वायूभट्टी सिद्ध केली. तिच्यावरचा शोधनिबंध 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. धातुकामाच्या कारखान्यातल्या भट्टीवर तिची चाचणी झाली, रस आटवण्यासाठीही तिचा वापर झाला. जोडीला कोळसा उरतो, त्याच्या कांड्या करता येतात.

पाचटाचा हाच प्रश्न पुण्यात डॉ. आनंद कर्व्यांनी वेगळ्या अंगाने सोडवला, हे इथे नोंदवावेसे वाटते. त्यांनी 1996 मध्ये ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था काढली. पाचटाचा कोळसा करण्याची सुटसुटीत पद्धत आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस, या दोन कामांसाठी ‘आरती’ला लंडनचा अॅशडेन पुरस्कार 2002 आणि 2006 असा दोनदा मिळाला. एका घरातल्या दोन शाखांनी उसाच्या पाल्यापाचोळ्यावर इतका विचार केला, ही मराठी विज्ञानाच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

आपल्या पऱ्हाट्यांचे काय? पऱ्हाटी पाचटापेक्षा टणक, लाकडाच्या जवळची. हेक्टरी दोन-तीन टन निघते. वायूभट्टीला ती सोयीची. अडचण तोडणी आणि वाहतुकीची. हाताने उपटायला मजुरी पडते, गाडीत भरली तर गाडी भरते पण वजन भरत नाही. म्हणून बारीक करून किंवा दाबून विटा करूनच ती हलवावी लागते. ऊर्जेचा प्रश्न पुष्कळदा वाहतुकीचा प्रश्न असतो, हे फलटणच्या प्रयोगांतून शिकण्यासारखे आहे.

तालुक्याचा ताळेबंद

सुट्या साधनांच्या पुढे जाऊन राजवंशींनी विचारले: एक तालुका आपल्या गरजेची सारी ऊर्जा स्वतः पिकवू शकेल का? फलटण तालुक्याचे त्यांनी मोजमाप घेतले. किती हेक्टरवर कोणते पीक, त्याचे अवशेष किती टन, त्यातले गुरांना किती, जमिनीला किती, आणि मग उरते किती. दुसऱ्या बाजूला वीज, स्वयंपाक, पंप, वाहतूक यांची मागणी. त्यांचे उत्तर होकारार्थी आले. शिल्लक अवशेषांवर वीजनिर्मिती, गोड ज्वारीचे इथेनॉल, अवशेषांपासून द्रवइंधन, अशी जुळणी केली तर तालुका ऊर्जेत स्वयंपूर्ण होऊ शकतो आणि हजारो हातांना गावातच काम मिळू शकते. हा विचार 1995 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आणि 2002 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी मांडला. केंद्रातल्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने तो उचलून धरला आणि देशातल्या अनेक तालुक्यांत जैवभाराचे सर्वेक्षण झाले.

तालुकाच का, गाव किंवा जिल्हा का नाही? गाव लहान पडते, एक चांगला अभियंताही तिथे टिकत नाही. जिल्हा फार मोठा, पऱ्हाटी शंभर किलोमीटर वाहून नेली तर वाहतुकीचाच खर्च फार वाढतो. तालुक्याला बाजारपेठ असते, शाळा-दवाखाना असतो, आणि शेतापासून ते ठिकाण बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या टप्प्यात असते. राजवंशींचा हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

प्रत्यक्षात जैवभारावरची वीजकेंद्रे अनेक ठिकाणी अडखळली. केंद्र सुरू झाले की ज्या भुशाला किंवा काडीला कोणी विचारत नव्हते त्याचा भाव चढतो, विकत घेणे परवडेनासे होते आणि केंद्र बंद पडते. ही उणीव ताळेबंदाची नाही. शेतकऱ्याला पुरवठादार म्हणून बाहेर ठेवले गेले, मालक म्हणून आत घेतले गेले नाही. दूध आणि साखर यांत महाराष्ट्राने सहकार उभा केला, काडीकचऱ्यात केला नाही.

नारीची इतर कामे थोडक्यात. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे बॅटरीवर चालणारी सायकलरिक्षा तयार झाली, ‘एलेक्शा’ तिचे नाव. आज शेगाव स्थानकाबाहेर भाविकांना नेणाऱ्या ई-रिक्षा पाहताना फलटणला हा विचार किती आधी झाला होता हे आठवावे. पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या सुती साडीच्या घड्यांतून गाळून मग सौरनळ्यांत तापवून जंतू मारण्याची रीत नारीने बसवली. तिला वीज लागत नाही.

आता हिशेब स्पष्टपणे मांडायला हवा. नूरी कंदील घरोघरी पोचला नाही. इथेनॉलची शेगडी बाजारात रुजली नाही. 2016 मध्ये उज्ज्वला योजनेने गॅस सिलिंडर खेड्यात नेले, 2017 मध्ये सौभाग्य योजनेने विजेच्या तारा घरोघर नेल्या, एलईडी दिवे स्वस्त झाले, रेशनवरचे रॉकेल आटत गेले. मग हे संशोधन वाया गेले काय? मला तसे मुळीच वाटत नाही. सिलिंडर संपले की दुसरे भरायला पैसे नसलेली घरे आपल्या जिल्ह्यात आहेत, तिथे चूल पुन्हा पेटते. वीज आहे पण भारनियमनाने रात्रीचा पंप अजून चुकलेला नाही. गॅस बाहेरून येतो, त्याचा भाव गावाच्या हातात नसतो. शेतातून इंधन काढण्याचे शास्त्र तयार असणे ही अशा वेळची ठेव आहे, आणि ती ठेव कोणीतरी वेळीच निर्माण करून ठेवावी लागते. शिवाय या संस्थेत तालुक्यातल्या साध्या शाळांतून आलेली मुले तंत्रज्ञ झाली, त्यांची नावे आंतरराष्ट्रीय शोधनिबंधांवर आहेत. महानगराबाहेर खरे विज्ञान होते, याचा हा पुरावा आहे.

मानसन्मान उशिरा पण आले. राजवंशींना ग्रामीण विकासासाठी विज्ञानाचा उपयोग केल्याबद्दल 2001 चा जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. बनबिहारी निंबकरांना 2006 मध्ये पद्मश्री मिळाली. 2021 मध्ये, नव्वदीत, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, राजवंशींना पद्मश्री जाहीर झाली. चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरिडातून आलेला तो अभियंता तोपर्यंत फलटणचाच झाला होता.

बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांपैकी एखाद्याने असा ताळेबंद करायला घेतला तर सुरुवात कुठून करावी, हे फलटणच्या अनुभवावरून सांगता येते. घाटावरच्या चिखली-मेहकरमध्ये सोयाबीन जास्त, घाटाखालच्या खामगाव-शेगाव-नांदुऱ्यात कापूस. म्हणून एकच आकडा साऱ्या जिल्ह्याला लावू नये. पेरणीचे क्षेत्र तलाठ्याच्या पीकपेऱ्यात असते, पण अवशेष किती आणि त्यातले गुरांना किती जाते हे शेतावर जाऊन वजन करूनच कळते, आणि ते किमान दोन हंगाम मोजावे लागते, एक चांगल्या पावसाचा आणि एक ओढीचा. जमिनीला परत द्यायचा वाटा आधी बाजूला काढावा. मजुरी, गोळा करण्याचा खर्च, जवळच्या वापराचे ठिकाण, या तिन्हींची नोंद त्याच वहीत व्हावी. कृषी महाविद्यालयांची, आयटीआयची मुले हे मोजमाप करू शकतात. त्यासाठी लागतात वजनकाटे, छापील तक्ते आणि दोन वर्षे त्याच गावांत पुन्हा पुन्हा जाणारी माणसे.